हिरवा चौकोन

"घाबरायचं, यमुनाताई, पण घाबरलोय हे लपवायचं," ईशान माझ्या कानात म्हणाला. "तुमची लपवायची धडपड कॅमेऱ्याला दिसली पाहिजे. बस."

कानात बोंडाएवढं यंत्र होतं, त्यातून त्याचा आवाज यायचा. मला बोलायचं असलं की मोबाइल कानाशी धरायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई फोनवर बोलतेय.

"आमच्याकडे उलटं असतं रे," मी म्हणाले. "शेवटी बसलेल्या म्हातारीलासुद्धा भीती दिसली पाहिजे."

"इथं म्हातारी नाही. छतावर कॅमेरे आहेत. चला, आत या."

मी विमानतळाच्या दारातून आत शिरले. हातात खोटं तिकीट, खांद्याला पिशवी, आणि लुगड्याच्या आत कमरेला घट्ट आवळून बांधलेलं एक पुडकं. पुडक्यात रबरासारखा निरुपद्रवी लगदा होता. वरून दोन वायरी. पण दिसायला ते अगदी खरं होतं. बांधताना ईशानच्या कंपनीतली मुलगीसुद्धा त्या वायरींना बोट लागू देत नव्हती.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. भाताची कापणी झाली की होळीपर्यंत आमचे प्रयोग गावोगाव चालतात, मांडवात हजारो माणसं बसतात. उन्हाळा लागला की आम्ही कलाकार रिकामे. त्या वर्षी मे महिन्यात वडशाच्या एका ओळखीच्या माणसाने मला ईशान वझलवारचा नंबर दिला. ईशान तिशीतला, सडपातळ, झोप न झाल्यासारखा दिसणारा मुलगा. तीन वर्षं खपून त्याने एक यंत्र उभं केलं होतं. विमानतळावरच्या कॅमेऱ्यांना ते जोडायचं. माणूस कसा चालतो, मान किती वेळा वळवतो, हात कुठं नेतो, हे सगळं ते टिपायचं आणि पडद्यावर प्रत्येकाच्या डोक्याभोवती एक चौकोन काढायचं. साधा माणूस हिरवा. थोडा संशय आला की पिवळा. पोटात काळंबेरं असलेला माणूस लाल.

"सामान तपासायला यंत्रं पुष्कळ आहेत," तो म्हणायचा. "मनात काय आहे ते तपासायला एकही नाही."

चाचणीसाठी त्याला मनात काळंबेरं असलेली माणसं हवी होती. खरी कुठून आणणार? आधी त्याने कंपनीतल्याच पोरांना चालवून पाहिलं. ती कॅमेऱ्यासमोर हसत सुटली. म्हणून आम्ही.

त्या दिवशीची चाचणी शेवटची होती. दिल्लीहून समिती आली होती आणि वरच्या खोलीत पडद्यांसमोर बसली होती. यंत्राने आम्हाला पकडायला हवं होतं, आणि साध्या प्रवाशांच्या वाटेला जायला नको होतं. दोन्ही जमलं तर देशभरच्या विमानतळांचं दार उघडणार होतं.

सुरक्षा दलातल्या एकाच व्यक्तीला आमच्याबद्दल ठाऊक होतं, इन्स्पेक्टर टेंभुर्णे मॅडमना. बाकीच्या जवानांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. टेंभुर्णे मॅडमनी सकाळी मला बाजूला घेतलं होतं. उंच, सावळ्या, मोजकं बोलणाऱ्या बाई.

"कोणी अडवलं तर हात वर करायचे आणि ब्लाउजमधलं चाचणीचं कार्ड दाखवायचं," त्या म्हणाल्या. "पळायचं नाही. जवानाला वाटलं खरं आहे, तर तो खरंच समजून वागेल. आणि प्रवाशांशी बोलायचं नाही. एक शब्द नाही."

मी मान डोलावली होती.

पहिली फेरी छान झाली. मी खांबाजवळ उभी राहिले, पदर पोटावर ओढला, पुन्हा ओढला. एक जवान जवळून गेला तेव्हा पाटीकडे बघत बसले, वाचता येत नसल्यासारखी.

"लाल," ईशान कानात कुजबुजला. आवाजातला आनंद लपत नव्हता. "ताई, समितीतले एक साहेब खुर्चीत पुढे सरकलेत. आता आखाताच्या विमानाची रांग लागलीय ना, तिकडे जा. गर्दीत पकडता येतं का ते त्यांना बघायचंय."

मी त्या रांगेच्या कडेने चालू लागले. तेवढ्यात त्याचा सूर बदलला.

"थांबा. अजून एक लाल झालंय."

"आपल्यापैकी कोण?"

"आपल्यापैकी कोणी नाही. हिरव्या ड्रेसमधली मुलगी, तुमच्या डाव्या हाताला. साधी प्रवासी आहे. साहेबांनी विचारलं, ही कोण. काय सांगू मी?"

मी बेताने मान वळवली. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती. ड्रेस इतका नवा की घड्यांच्या रेषा अंगावर तशाच होत्या. पायात उंच टाचांच्या चपला, त्यावर तिला धड उभं राहता येत नव्हतं. शेजारी पन्नाशीचा गृहस्थ, पांढरा स्वच्छ शर्ट, चष्मा, शांत चेहरा. दोन्ही पासपोर्ट त्याच्या खिशात. तो पुढच्या माणसाशी उन्हाळ्याबद्दल काहीतरी बोलत होता.

मुलगी थेट माझ्याकडे बघत होती.

माझ्या लक्षात आलं. असं बघणं मला रोजचं आहे. बाजारात, एसटी स्टँडवर. नाटक बघितलेलं माणूस आधी नुसतं बघतं, मग जवळ येऊन म्हणतं, तुम्ही त्या ह्या ना? पण आज कोणी जवळ आलं असतं तर सगळंच मुसळ केरात.

मी मोबाइल कानाशी नेला. "मला ओळखलंय तिनं. म्हणून सारखी मान वळवतेय."

"मग दूर व्हा तिच्यापासून. तुमच्यामुळे बिचारी लाल होतेय."

मी दुसऱ्या टोकाला गेले. पाठमोरी उभी राहिले. पदर ओढणं, घाम पुसणं, दाराकडे बघणं, माझं काम चालूच ठेवलं. समितीचे डोळे वर होतेच.

"अजून लाल आहे," ईशान म्हणाला. "ती रांग सोडून तुमच्याच बाजूला सरकतेय. ताई, काहीतरी करा."

मी बायकांच्या स्वच्छतागृहात शिरले. तिथं कॅमेरा नव्हता. नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि ठरवलं की रांग पुढं सरकेपर्यंत इथून हलायचं नाही.

दार उघडलं. मुलगी आत आली. दार मिटण्याआधी बाहेरून त्या गृहस्थाचा आवाज आला, "लवकर ये हं, बेटा. मी इथंच आहे."

तिने दोन्ही बाजूंना बघितलं. आत आम्ही दोघीच होतो. ती माझ्या इतकी जवळ आली की तिच्या नव्या कपड्यांच्या खळीचा वास मला आला.

"तुमी नाटकातल्या मंजुळाबाई ना जी?"

मी आरशात बघत राहिले.

"आमच्या गावाले आल्ता तुमी. मी समोरच बसली होती." मग तिने अगदी हळू विचारलं, "बाई, तुमालेबी घेऊन चालले का?"

मला आधी कळलंच नाही.

"कोण?"

"तुमी किती भेऊन राहिल्या, मी केव्हाची पाहून राहिली. तुमचा मानूस कोनता हाय? बाहेर हाय का?"

नळ वाहत होता. कानात ईशान विचारत होता, ताई, कुठं आहात, बाहेर या, साहेब विचारतायत. मी ते बोंड काढून मुठीत धरलं.

"तुला कोण घेऊन चाललंय?" मी विचारलं.

तिचं नाव लोमेश्वरी. गोंदियाकडची. तो गृहस्थ तिचा मामा नव्हता, पण त्याला मामाजी म्हणायचं असं ठरलं होतं. दवाखान्यात रुग्णांची देखभाल करायची नोकरी, असं घरी सांगितलेलं. पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यावर तिचा फोटो होता आणि नाव कविता. वय पाच वर्षांनी वाढवलेलं. तिच्याबरोबर आणखी एक मुलगी होती, तिला आदल्या सकाळी दुसऱ्या गाडीत बसवून नेलं. कुठं, विचारलं तेव्हा मामाजी हसून म्हणाले होते की तिची नोकरी वेगळी आहे.

"पोलिसांना का नाही सांगितलंस? बाहेर एवढे जवान आहेत."

"पासपोर्ट खोटा हाय नं जी. मामाजी म्हनते, तू बोलली तं तुलेच धरतीन. मोबाइलबी त्याइच्याजवळच हाय."

"बेटा, झालं का?" बाहेरून आवाज आला. तसाच मऊ.

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम पुसलं गेलं. मी असा बदल रंगमंचावर कधी करू शकले नाही.

मी बोंड कानात घातलं आणि मोबाइल धरला. "ईशान, टेंभुर्णे मॅडमना इकडे पाठव. आत्ता. ती मुलगी माझ्याबरोबर आहे. तिला फसवून नेतायत."

"काय?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणत, "ताई, तुम्ही प्रवाशाशी बोललात?"

"पाठव म्हणते ना."

"मॅडम धावपट्टीच्या बाजूला गेल्यात. फोन लावतो, पण यायला वेळ लागेल. आणि ताई, समिती समोर बसलीय. चाचणी मध्येच थांबली तर पुन्हा मिळणार नाही. तुमची खात्री आहे?"

"आहे."

कानात त्याची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

दार ढकलून एक प्रवासी बाई आत आली. "ते काका विचारतायत, भाची आत आहे का? विमानाची वेळ झालीय म्हणे."

"आली," लोमेश्वरी म्हणाली आणि चालूच लागली. मी तिचा हात धरला, तर तो तिने सोडवूनही घेतला नाही, नुसती ओढत राहिली, दावं लावलेल्या वासरासारखी. मग मीही तिच्याबरोबर बाहेर पडले.

गृहस्थ हसले. "ओळख निघाली वाटतं?"

"गावाकडची आहे," मी म्हणाले. "माझं नाटक बघितलंय म्हणते."

"वा. कलावंत बाई आहात तर." त्यांनी लोमेश्वरीचं कोपर धरलं. जोर न लावता, अगदी घरच्या माणसासारखं. "चला बेटा. रांग संपली बघ."

पुढं पासपोर्ट तपासणीचं तोंड होतं. ते एकदा ओलांडलं की ती मला दिसणार नव्हती. मी आजूबाजूला पाहिलं. टेंभुर्णे मॅडम कुठेच नव्हत्या. ओरडावं, असं मनात आलं. पण ओरडून काय झालं असतं? एक बाई वेड्यासारखी करतेय. गृहस्थ नम्रपणे पासपोर्ट दाखवणार. मुलीला विचारणार, आणि ती त्याच्या बाजूला उभी राहून सांगणार की हे माझे मामा. मला बाजूला नेतील, त्यांना जाऊ देतील.

तिला त्याच्यापासून वेगळं काढायला हवं होतं. आणि तसं करायला भाग पाडेल असं माझ्याजवळ एकच होतं.

तपासणीच्या तोंडाशी एक जवान उभा होता. कोवळी मिशी, छातीशी बंदूक. मी त्या दोघांच्या बरोबरीने चालत त्याच्यापर्यंत गेले आणि हिंदीत, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याला सांगितलं की माझ्या कमरेला काहीतरी बांधलेलं आहे. पदर जरासा बाजूला केला. वायरी त्याला दिसल्या.

"आणि हे दोघं माझ्याबरोबर आहेत," मी म्हणाले. "आम्ही तिघं एकत्र आहोत."

त्या पोराच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. बंदूक वर आली. तिचं तोंड माझ्या गळ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि ते स्थिर नव्हतं.

"हात वर," तो म्हणाला. मी केले. आणखी जवान धावत आले. कोणीतरी रांगेतल्या लोकांना मागे हटवत होतं. पायांचे आवाज, सामानाच्या गाड्या लोटल्याचे आवाज, आणि मग आमच्या भोवती एक मोठं रिकामं वर्तुळ.

"मी हिला ओळखत नाही," गृहस्थ म्हणाले. आवाज अजून शांतच होता. "आत्ता दोन मिनिटांपूर्वी भेटली. तुम्ही पासपोर्ट बघा ना."

"ओळखतात," मी म्हणाले. "सकाळपासून बरोबर आहोत."

कार्ड माझ्या ब्लाउजमध्ये होतं. ते काढायला हात खाली न्यावा लागला असता, आणि हात खाली गेला असता तर त्या पोराने काय केलं असतं, कोण जाणे. पण खरं सांगायचं तर काढायचंच नव्हतं. कार्ड निघालं की खेळ संपला. जवान त्या दोघांना, माफ करा, म्हणाले असते आणि विमानात बसवून दिलं असतं. कानात ईशान ओरडत होता, कार्ड दाखवा, ताई, कार्ड दाखवा. माझे हात वर होते. पोटावरून घाम ओघळून त्या पुडक्याखाली जात होता. माझ्या पायांना कापरं भरलं होतं आणि ते थांबवायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांसमोर कापत आले होते, पण मनात आणलं की थांबायचं ते.

लोमेश्वरी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती.

"तिघांना वेगळं करा," कोणीतरी म्हणालं. दोन जवानांनी गृहस्थांना एका बाजूला नेलं. मुलीला दुसऱ्या बाजूला. तिच्या कोपरावरचा गृहस्थांचा हात सुटलेला मी डोळ्यांनी बघितला.

तेव्हा गर्दी कापत टेंभुर्णे मॅडम आल्या. धावत आल्या होत्या, टोपी हातात होती. त्यांनी मला पाहिलं, बंदूक पाहिली, आणि त्यांच्या जबड्याची शीर ताठ झाली. माझं त्यांनी त्या क्षणी काय केलं असतं, सांगता येत नाही.

"मुलगी," मी म्हणाले. "मॅडम, तिला एकटीला विचारा. नाव कविता नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग वळल्या आणि जवानांना म्हणाल्या, "बंदूक खाली. बाईच्या अंगावर जे आहे ते मला माहीत आहे." आणि मुलीजवळ गेल्या. गुडघ्यावर बसल्या. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. लोमेश्वरीने आधी गृहस्थांना नेलं होतं त्या बाजूला पाहिलं. मग तिने तोंड उघडलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. विमान त्या दोघांना न घेता गेलं. आदल्या दिवशी वेगळी नेलेली मुलगी दुसऱ्या शहरातल्या एका घरात सापडली, तिच्याबरोबर आणखी दोघी. मामाजी म्हणवणारा तो माणूस जामिनावर सुटला, पण खटला चालला आणि लोमेश्वरीने कोर्टात उभं राहून साक्ष दिली. त्याला सजा झाली. ती आता भंडाऱ्याला नर्सिंग शिकून एका दवाखान्यात आहे.

चाचणी तिथेच बंद पडली. समिती संध्याकाळच्या विमानाने परत गेली. ईशानची कंपनी त्या वर्षी बाद झाली. माझ्यावर गुन्हा नोंदवायचा का, यावर बरंच घोळलं. टेंभुर्णे मॅडमनी वरिष्ठांसमोर जबाबदारी अंगावर घेतली म्हणून सुटले. पुढं कधी भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्या पोराचं बोट घोड्यावर होतं, बाई. पुन्हा असं करू नका."

ईशान कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. मग दिवाळीनंतर आमच्या प्रयोगाला आला, नाटक संपेपर्यंत बसला आणि मांडवामागे येऊन म्हणाला, "ताई, त्या दिवसाचं चित्रण मी पुन्हा पुन्हा बघतोय. मुलगी लाल. तुम्ही लाल. आणि तो माणूस शेवटपर्यंत हिरवा. जवानांनी धरलं तेव्हासुद्धा हिरवा." तो खाली बघत होता. "माझं यंत्र भीती ओळखतं. मला वाटत होतं ते पाप ओळखतं."

"मग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. भ्यालेल्या माणसाजवळ कोण उभं आहे, तेही बघायला शिकवतोय त्याला."

मी त्याला चहा दिला. त्याने पुढल्या मे महिन्यात येणार का, असं विचारलं. मी हो म्हणाले.

पण मला त्या दिवसातली आठवते ती पोलीस चौकीतली संध्याकाळ. माझा जबाब झाला होता, तिचा झाला होता, आणि तिच्या घरची माणसं यायची होती. आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो. तिने त्या उंच चपला काढून बाकाखाली सारल्या होत्या. कोणीतरी आणून दिलेला आलुबोंडा तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्यापुढं केला.

मला वाटलं, हिला खरं सांगायला हवं.

"लोमेश्वरी, मला कोणी घेऊन चाललं नव्हतं गं," मी म्हणाले. "ते माझं काम होतं. घाबरल्याचं सोंग करायचं, यंत्राला पकडता येतं का बघायला. पुडकंही खोटं होतं."

तिने माझ्या कमरेकडे पाहिलं. चौकीतला पंखा आवाज करत फिरत होता.

"म्हंजे तुमी भेल्या नोहोत्या?"

"नव्हते."

"मी तं तुमाले पाहूनच आली मांगं. म्हटलं, बाईबी आपल्यासारख्याच हाय, दोघी राहून तं काई करता येईन." ती बोटांना लागलेलं तेल ड्रेसला पुसत होती. "आन् थो बंदूक धरून उभा होता, तवा?"

"तेव्हा भ्याले होते."

"खरंच?"

"खरंच. पाय थांबत नव्हते माझे."

तिने मान हलवली आणि माझ्याकडे सरकून बसली.

"थे मले दिसलं होतं," ती म्हणाली. "थे येगळं होतं."